तेवीस तास दहा मिनिटं

माझ्या बायकोच्या हृदयाने संपावर जायचं ठरवलं ते एका गुरुवारी, सकाळी सव्वानऊ वाजता. सव्वानऊ म्हणजे सव्वानऊ. मी वेळ अंदाजाने सांगत नाही. चौतीस वर्षं मी कुंभकोणमच्या बस स्टँडवर एका खासगी बस कंपनीचा टाइमकीपर होतो. तंजावरची गाडी सहा-बावीसला सुटायची, कारण सहा-सव्वीसला दुसऱ्या कंपनीची गाडी सुटायची, आणि त्या चार मिनिटांच्या आघाडीत वाटेवरचे जेवढे प्रवासी उचलता येतील तेवढ्यांवर आमच्या मालकाचं घर चालायचं. एका मिनिटासाठी ड्रायव्हरांनी एकमेकांचे आरसे फोडलेले मी पाहिले आहेत. जो ड्रायव्हर एक मिनिट उशिरा आला त्याच्या नावापुढे मी 'एक मिनिट' लिहिलं, आणि दंड लावला. एकजण रेल्वे फाटकात अडकल्याची शपथ घेऊन रडला होता. मी त्याला खिशातला रुमाल दिला आणि दंड लावला.

हा गुण रक्तातला. आमचे मूळपुरुष तंजावरच्या दरबारात घटिकापात्रापाशी बसत. एकदा पात्र बुडायला उशीर होतोय असं पाहून त्यांनी स्वतः त्यात बोट घातलं, आणि त्या दिवशी सूर्य पाव घटका आधी मावळला. यावर कोणी विश्वास ठेवत नाही. सुंदररावाच्या बोलण्यातून अर्धं वजा करावं आणि उरलेलं अंबुजाबाईंना विचारून घ्यावं, असं आमच्या गल्लीत म्हणतात. म्हणोत. पूर, साप, भुतं आणि नातेवाईक यांच्याबद्दल मी वाटेल ते सांगतो. पण घड्याळाबद्दल आयुष्यात एक खोटा शब्द बोललो नाही.

तेच नडलं.

तर सव्वानऊला अंबुजा फोडणी देत होती. "अहो, छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं होतंय," म्हणाली. मग तिने गॅस बंद केला, कढईवर झाकण ठेवलं, पदराला हात पुसले आणि त्यानंतर खाली बसली. घामाने भिजली होती. रिक्षाने मी तिला बायपास रस्त्यावरच्या एका खासगी इस्पितळात नेलं. इस्पितळाचं नाव सांगत नाही. या वयात वकील परवडत नाही. पोहोचलो नऊ-चाळीसला. त्यांनी लगेच तिला आत घेतलं, छातीला वायरी लावल्या, डोक्याशी एक यंत्र टिवटिवायला लागलं. दहा मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले.

"भरती करून घ्या. उद्यापर्यंत ठेवून बघू. इथे सही करा आणि वीस हजार आगाऊ भरा."

मी घड्याळ पाहिलं. नऊ-पन्नास. गुरुवार.

मराठी मुलखातल्या वाचकांना हे ठाऊक नसेल म्हणून सांगतो. आमच्या तमिळ देशात राहुकाळ तर पाळतातच, पण त्याखेरीज रोज दीड तासाची कुळिगै असते. कुळिगैत केलेलं काम पुन्हा पुन्हा घडतं. म्हणून त्या वेळात सोनं घ्यावं, बँकेत पैसे ठेवावेत. प्रेत मात्र उचलू नये. गुरुवारची कुळिगै नऊ ते साडेदहा. आता मला सांगा, बायकोला इस्पितळात घालण्याची सही जो कुळिगैत करील तो कसला नवरा? तीनशे वर्षं इथल्या तांदळावर वाढलो, तर इथलं पंचांग अंगात मुरणारच.

तेव्हा मी चष्मा हरवला. तो वरच्या खिशात होता, पण मी तो पंधरा मिनिटं हरवून दाखवला. मग लघवीला गेलो. मग परत आलो आणि नर्सबाईला तिचं गाव विचारलं. इन्नंबूर निघालं. इन्नंबूरच्या भातशेतात एकदा आमची बस शिरली होती आणि पुढल्या स्टॉपवर उतरणाऱ्यांच्या पिशव्यांना लोंब्या फुटल्या होत्या, ती हकीकत मी तिला सविस्तर सांगितली. तिने तीन वेळा पेन पुढे केलं. चौथ्यांदा तिने कागदावर स्वतःच काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला दीड महिन्याने कळलं.

दहा-एकतीसला मी सही केली. पण पैसे भरायच्या खिडकीवर कार्डाचं यंत्र बंद. पहिल्या एटीएमात रोकड नव्हती, दुसऱ्यात रांग होती. अकरा-दहाला पावती हातात पडली आणि अंबुजेच्या मनगटात नंबराचा पट्टा. एव्हाना तिला दोन इंजेक्शनं आणि एक सलाइन देऊन, तीन वेळा हृदयाचा आलेखही काढून झाला होता. सगळं वेळेवर. फक्त ती स्वतः अजून इस्पितळात आलेली नव्हती. पण हे शास्त्र मला तेव्हा अवगत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, "झटका नव्हता. इशारा होता. महिन्याभरात अँजिओग्राम करून घ्या. नळ्यांत रंग सोडून फोटो काढायचा. टाळू नका. आज घरी जाऊ शकता."

मी बिलाच्या खिडकीवर गेलो. तिथे जननी नावाची मुलगी बसते. मुलगी चांगली, केसांत रोज ताजा गजरा, आवाज देवळातल्या घंटेसारखा, आणि बातम्या सगळ्या यमाच्या.

"अय्या, लवकर निघा. खोलीचा दिवस दुपारी बाराला बदलतो. बाराच्या आत गेलात तर दोन दिवसांचं भाडं, नंतर तीन."

"काल अकरा-दहाला आम्ही आलो. अजून एक दिवस तरी झाला का?"

"काल अकरा-दहा ते बारा हा पहिला दिवस. काल बारा ते आज बारा हा दुसरा."

"पन्नास मिनिटांचा दिवस?"

"हो अय्या."

मला त्या दिवसाची कीव आली. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे शिवकामी. आमच्या शेजारच्या महालिंगची बायको. हिच्या घरी भिंतीवर कॅलेंडर नाही, गरजच नाही. "राव सार, आज शुक्रवार. साडेदहाला राहुकाळ लागतो, बाराला सुटतो. राहुकाळात आजारी बाईला उंबरा ओलांडायला लावू नका हं, सांगून ठेवते."

म्हणजे साडेदहा ते बारा राहू बसलेला आणि बारानंतर इस्पितळ बसलेलं. तिसऱ्या दिवसाचं भाडं दोन हजार आठशे. बस स्टँडवर असे पेच मी कॉफी पीत सोडवले आहेत. मी आणखी एका औषधाची वाट पाहिली नाही, चाकाच्या खुर्चीसाठी वॉर्डबॉयला पन्नास रुपये दिले आणि दहा-वीसला आम्ही फाटकाशी. राहूला दहा मिनिटांनी हरवलं. दोन हजार आठशे वाचवले. चौतीस वर्षांत इतकी सुबक गाडी मी सोडली नव्हती.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने बाहेर जाण्याची चिठ्ठी माझ्या हातात दिली. मी वाचली. तिच्यावर वेळ होती ११.३०.

"हे काय?"

"सार, सगळ्या चिठ्ठ्यांवर एकदमच लिहून ठेवतो. बहुतेक लोक त्याच सुमाराला जातात."

"आता किती वाजलेत?"

"काय फरक पडतो सार?"

हे मला! मी रिक्षातून उतरलो. त्याला ११.३० खोडायला लावलं, १०.२० लिहायला लावलं, आणि खोडलेल्या आकड्याशेजारी माझी पूर्ण सही केली, वळणदार, तारखेसकट. एक प्रत त्याची, एक माझी. रिक्षातून अंबुजा म्हणत होती, "अहो, चला नां. लिहीना कां तो काहीही. तुमचं काय जातंय?"

काय गेलं ते आता सांगतो. एक्केचाळीस हजार तीनशे सत्तर.

ते बिल आम्ही महालिंगच्या तिण्णैवर, म्हणजे घराबाहेरच्या ओट्यावर, उलगडलं. उलगडत गेलं तसतसे लोक सरकत गेले. शेवटचं पान समोरच्या घरापर्यंत पोहोचलं तेव्हा त्यावर एक मांजर झोपलं होतं. हा महालिंगच आमचा विम्याचा एजंट. अकरा वर्षांपूर्वी त्याने मला एक टंबलर कॉफी पाजून पॉलिसी विकली. तेव्हापासून दरवर्षी मी त्या कॉफीचे पैसे भरतो आहे.

"काळजी नको राव सार. पूर्ण मिळणार," तो म्हणाला. "चौदा जोड हातमोजे. बरोबर."

"एका बाईला चौदा जोड? तिला हात दोन आहेत."

"हातमोजे डॉक्टरांचे."

"डॉक्टर एकदा आले, खिशात हात घालून."

"आहारतज्ज्ञ, साडेतीनशे."

"त्या म्हणाल्या, लोणचं कमी खा. हे आमची सून फुकट सांगते."

"मॉनिटर, पंचवीस तास." महालिंग क्षणभर थांबला. मीही थांबलो. पण आम्ही दोघं वेगवेगळ्या कारणांनी थांबलो होतो. तो तास मोजत होता, मी तासाचा दर पाहत होतो.

मी सगळे कागद क्रमाने लावले, सत्तावीस कागदांना नंबर घातले, वर अनुक्रमणिका जोडली आणि सव्विसाव्या क्रमांकावर फाटकाची चिठ्ठी लावली. महालिंग म्हणाला, ती लागत नाही. मी म्हटलं, राहू दे, वेळेचा पुरावा असलेला बरा.

आता खरी अडचण अशी की अंबुजेने त्याच दिवशी एक ठराव पास केला. "या खेपेचे पैसे परत येऊं देत. तोंवर मी त्या पलंगावर पुन्हा निजायची नाही."

"अगं, डॉक्टरांनी महिना सांगितलाय."

"सांगोत. आपल्या ठेवीतले चाळीस हजार एका दिवसात गेले. आणखी साठ जातील. मग पुढे तुम्हांस काही झालं तर काय, बसचा पास दाखवायचा?"

"विश्वेशला सांगतो."

"खबरदार. त्याने आत्तांच घराचं कर्ज घेतलंय. त्याच्या कानीं गेलं तर मी मुळीच जायची नाही."

विश्वेश आमचा मुलगा, चेन्नईत असतो. आईच्या शब्दाबाहेर तोही नाही, मीही नाही. म्हणजे विमा कंपनीचा टपालवाला येईपर्यंत माझ्या बायकोच्या नळ्यांत काय आहे हे कोणाला कळणार नव्हतं. एकादशीला आम्ही नेहमीप्रमाणे गोविंदपुरमला भजनाला गेलो. विठ्ठलासमोर बायकांच्या दुसऱ्या ओळीत तिची जागा ठरलेली. तिचा आवाज वरच्या पट्टीतला, चाळीस वर्षं मी तो पुरुषांच्या घोळक्यातूनही ओळखतो. त्या दिवशी तो आवाज एका ओळीच्या मध्यावर थांबला. मी मान उंचावून पाहिलं. ती टाळ वाजवत होती, ओठ हलवत होती, पण गात नव्हती. परत येताना म्हणाली, घसा बसलाय. घसा बसल्यावर कोणी छातीवर हात ठेवत नाही.

तेविसाव्या दिवशी पत्र आलं. पत्र फार सुरेख होतं. सुरुवातीला त्यांनी मला 'सन्माननीय' म्हटलं होतं आणि शेवटी निरोगी आयुष्याच्या शुभेच्छा दिल्या होत्या. मधल्या परिच्छेदात लिहिलं होतं की इस्पितळातला मुक्काम किमान चोवीस तास असावा लागतो, आपला तेवीस तास दहा मिनिटं भरला. सबब दावा नामंजूर.

खोलीच्या हिशेबाने दोन दिवस. विम्याच्या हिशेबाने एकही नाही. बाई एकच, पलंग एकच. मी पत्राची घडी केली आणि कपाटात मागच्या वर्षीच्या पंचांगात ठेवली. मागच्या वर्षीचं पंचांग कोण उघडतो?

"आलं कां काही?" अंबुजेने विचारलं.

"विचार चालू आहे त्यांचा."

महालिंगला पत्र मात्र मी दाखवलं; त्याने ते वाचलं, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याने पॉलिसीही वाचली. "अय्यो, राव सार! पन्नास मिनिटं बसून राहिला असतात तर!"

"तुझी बायको म्हणाली राहुकाळ आहे."

शिवकामी आतून म्हणाली, "मी उंबरा ओलांडू नका म्हटलं. खाटेवर बसून राहायला मी नाही म्हटलं होतं का?"

या बाईंशी वादात अजून राहूसुद्धा जिंकलेला नाही. पण मी हरलो नव्हतो. मला मॉनिटर आठवला. पंचवीस तास! बिल घेऊन मी इस्पितळात गेलो, जननीसमोर ते ओळीवर बोट ठेवून धरलं, आणि चौतीस वर्षांच्या अनुभवाने हळू आवाजात विचारलं, "माझी बायको इथे किती तास होती?"

"तेवीस तास दहा मिनिटं."

"आणि हे यंत्र तिच्या छातीला किती तास होतं?"

"पंचवीस."

"म्हणजे यंत्र आधी भरती झालं आणि बायको मागाहून आली?"

मागच्या रांगेतला एकजण हसला. जननी हसली नाही. "अय्या, अकरा-दहापर्यंत त्या निरीक्षणात होत्या. निरीक्षण म्हणजे भरती नाही."

"मग ती होती कुठे?"

"इथेच. पण बाहेरच्या रुग्ण म्हणून."

"पलंगावर?"

"हो."

"सलाइन लावलेली?"

"हो अय्या. पण बाहेरच्या."

पन्नास वर्षांच्या संसारात माझी बायको कुठे आहे हे मला नेहमी ठाऊक असे. त्या सकाळी दीड तास ती नेमकी कुठे होती हे सांगायला एखादा वेदान्ती लागेल. मी म्हटलं, तिला नऊ-चाळीसला आत घेतल्याचा दाखला द्या. जननीने दया येऊन अर्ज भरायला मदत केली, शिक्का आणला, चार दिवसांनी बोलावलं. चार दिवस म्हणजे नऊ दिवस. दाखल्याला केसपेपरची प्रत जोडलेली होती, ती सीलबंद पाकिटात. परस्पर विमा कंपनीला द्यायची.

ते पाकीट घेऊन मी तंजावरला विम्याच्या ऑफिसात गेलो. तोवर महिना होऊन वर दोन आठवडे झाले होते. सकाळी निघताना अंबुजा जिना न चढता खालीच वाळत घालत होती. आमच्या घराला जिना सात पायऱ्यांचा.

अधिकाऱ्याचं नाव सूर्या. तिशीतला, कपाळाला विभूती. त्याने पाकीट फोडलं, वाचलं आणि माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं.

"सार, नऊ-चाळीस मी मोजायला तयार आहे. तातडीचा रुग्ण होता, उशीर इस्पितळामुळे झाला असं दिसलं असतं तर मी वरती शिफारस केली असती. पण हे बघा काय लिहिलंय."

इन्नंबूरच्या नर्सबाईचं अक्षर सुवाच्य होतं. *भरतीचा सल्ला ९.५०. नातेवाईक सही करण्यास टाळाटाळ करीत आहेत. वारंवार सांगितले. नातेवाईक बसची गोष्ट सांगत आहेत.*

इतक्या वर्षांत माझ्या गोष्टीची लेखी नोंद कोणी घेतली नव्हती.

"का नाही केलीत सही?" सूर्याने विचारलं.

काय सांगावं? रेल्वे फाटक सांगता आलं असतं. चक्कर आली सांगता आलं असतं. माझ्याकडे कारणांचं पीक उभं होतं. पण प्रश्न वेळेचा होता, आणि वेळेच्या बाबतीत माझी जीभ वळत नाही. "गुरुवार होता," मी म्हटलं. "कुळिगै साडेदहाला सुटत होती."

त्याने पेन खाली ठेवलं.  मग म्हणाला, "माझी आईही नसती केली सही. मीसुद्धा... पण सार, पॉलिसीत कुळिगै नाही."

"आणि निघताना राहुकाळ लागत होता."

"तोही नाही." त्याने फाइल उलटली, सव्विसावा कागद काढला. "एक विचारू? या चिठ्ठीवर आधी साडेअकरा होते. तसेच राहिले असते तर माझ्याकडे चोवीस तास वीस मिनिटं भरली असती. इस्पितळाच्या बिलावर निघण्याची वेळच नाही, फक्त तारीख आहे. मी ही चिठ्ठीच धरली असती. हे कोणी खोडलं?"

शेजारी माझी सही होती. वळणदार, तारखेसकट.

"मी."

"का?"

"चुकीचं होतं."

त्याने मला कॉफी मागवली. ती मी घेतली. दावा नामंजूर होतो तेव्हा कॉफी चांगली मिळते, हे अनुभवाने सांगतो. बाहेर पडून बस पकडली. समोरच टाइमकीपरची खोली होती. आतल्या माणसाने खिडकीतून हात काढून आमच्या ड्रायव्हरला घड्याळ दाखवलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. मला तो रेल्वे फाटकात अडकलेला ड्रायव्हर आठवला. त्याचं नाव आठवेना. मिनिट मात्र आठवत होतं.

वाटेत पापनाशम मागे पडलं तसा माझा विचार पक्का झाला. घरी आलो, चपला काढल्या आणि दारातूनच ओरडलो, "अंबुजे, आले!"

ती भाजी निवडत होती. "काय आले?"

"पैसे! मंजूर. पूर्णच्या पूर्ण."

"पूर्ण?"

"एक रुपया कापला नाही. साहेब उठून उभा राहिला. म्हणाला, इतकी नीट लावलेली फाइल तंजावर जिल्ह्यात आजवर आली नाही. शिपायाला बोलावून दाखवली."

"हातमोजेसुद्धा दिले?"

"चौदाही जोड."

ती माझ्याकडे बघत राहिली. हातातली शेंग मोडायची राहिली होती. मी साप, पूर, भुतं सांगतो तेव्हा ती अशी कधी बघत नाही. तेव्हा ती सरळ 'पुरे' म्हणते. या वेळी म्हणाली नाही. शेंग मोडली आणि म्हणाली, "बरं. मग मंगळवारी जाऊं या."

मी माझ्या नावावरची शेवटची ठेव मोडली. तिला सांगितलं, कंपनीने दिले.

मंगळवारी दुपारी साडेबाराला आम्ही त्याच इस्पितळात, त्याच खिडकीवर. जननीने कागद पुढे केला. मी घड्याळ पाहिलं. मंगळवारची कुळिगै बारा ते दीड. माझा हात चष्म्याकडे गेला. अंबुजेने माझ्या खिशातून चष्मा काढला, माझ्या नाकावर बसवला आणि पेन बोटांत दिलं. "करा सही. नळ्यांचं काम आहे, झालं पुन्हा तर होऊं दे."

बारा-चाळीस.

संध्याकाळी फोटो काढला. एक नळी निम्मी बुजलेली. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांवर भागेल, पण आणखी दोन-तीन महिने काढले असतेत तर हे बोलणं वेगळं झालं असतं. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. भिंत चांगली होती, हलली नाही.

बुधवारी सकाळी अकराला सुट्टीचा कागद तयार. मी बिल भरून धावत वर आलो. "चल, ऊठ. बाराला राहुकाळ, बाराला त्यांचा दिवस बदलतो. पंचेचाळीस मिनिटं आहेत, आरामात निघू."

अंबुजा पलंगावर मांडी घालून बसली होती. साडी बदललेली, पिशवी भरलेली, आणि मनगटावर नंबराच्या पट्ट्याशेजारी माझं घड्याळ. रात्री मी ते उशाशी ठेवलं होतं.

"अजून एक तास पंचवीस मिनिटं," ती म्हणाली.

"कशाला?"

"बारा-चाळीसला सही केली होती तुम्ही."

"अगं, राहुकाळ..."

"बसूं दे त्याला. खुर्ची आहे."

मी खाली बसलो. राहूची खुर्ची मीच घेतली. थोड्या वेळाने म्हटलं, "तुला कोणी सांगितलं? महालिंगने?"

"रद्दीवाला आला होता. मागच्या वर्षीचं पंचांग त्याला देत होते." तिने पदर सारखा केला. "आधी झटकून देते मी, ठाऊक नाही तुम्हांस?"

"कधी?"

"पत्र आल्याच्या चौथ्या दिवशी."

"मग इतके दिवस बोलली नाहीस?"

"तुम्ही तंजावरला, इस्पितळात, कोठे कोठे धावत होतां. म्हटलं, येईल काही हाती. मग त्या दिवशी दारातून ओरडत आलांत. चौदाही जोड म्हणालांत." ती खिडकीबाहेर बघत होती. "घड्याळाची थाप तुम्हांस मारतां येत नाही. माझ्यासाठी पैशाची मारलीत. म्हटलं, एवढी मारली आहे तर जायला हवं."

आम्ही बसून राहिलो. बारा वाजले, राहू आला, खोलीचा दुसरा दिवस लागला. बारा-चाळीसला तिने घड्याळ माझ्या हातात दिलं. तरीही पाच मिनिटं जास्त बसली. म्हणाली, त्यांचं घड्याळ पुढे असेल तर?

खाली जननीने नवं बिल काढलं, दुसऱ्या दिवसासकट. आणि मग, देवळातल्या घंटेच्या आवाजात, "अय्या, तुम्ही थांबलात कशाला? या तपासणीला विम्यात चोवीस तासांची अट नसते. काल रात्री गेला असता तरी पैसे मिळाले असते. उलट या जादा दिवसाचे ते कापतील."

अंबुजा हसायला लागली. पन्नास वर्षांत मी तिला इस्पितळात कधी हसताना पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही. हसता हसता तिने छातीवर हात ठेवला, आणि मी दचकलो, आणि ते पाहून ती आणखी हसली. मी पैसे मोजले. पहिले एक्केचाळीस हजार तीनशे सत्तर गेले ते गेलेच. चेन्नईच्या विमा लोकपालाकडे मी अर्ज केला आहे, अनुक्रमणिकेसह. तो विचाराधीन आहे.

फाटकाशी तोच पहारेकरी होता. त्याने मला ओळखलं, सावध झाला आणि चिठ्ठी दोन बोटांत धरून पुढे केली. मी वाचली. निघण्याची वेळ : २.३०.

माझ्या हातात घड्याळ होतं. एक वाजून चार मिनिटं. मी खिशातून पेन काढलं. टोपण उघडलं. पहारेकऱ्याने डोळे मिटून घेतले.

रिक्षातून अंबुजेने काही म्हटलं नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मी टोपण लावलं, चिठ्ठीची घडी केली आणि तिच्याशेजारी जाऊन बसलो. चौतीस वर्षांत किती जणांच्या नावापुढे मी एकेक मिनिट लिहिलं ते मोजता येणार नाही. त्या दुपारी एका तासाहून जास्त खोटी वेळ माझ्या खिशात होती, आणि रिक्षा राहुकाळातून घराकडे चालली होती. मधे एका वळणावर अंबुजा हळूच काहीतरी गुणगुणली. ओळ पूर्ण केली की नाही ते मी ऐकत होतो. किती वाजले ते पाहिलं नाही.